गलका

एरंडवण्यात, फिजिओथेरपीच्या दवाखान्याखालच्या तळघरात
चपला दाराशी काढून
आम्ही अकरा जण बंडखोर झालो.
प्रत्येकी सहाशे रुपये, मध्ये चहा,
संपल्यावर पुरीभाजी.

हडपसरच्या वसतिगृहातून दोन बस बदलून आलेलो.
दुंदा केंगलेचा दुसऱ्या दिवशी अकाउंटन्सीचा पेपर,
पुस्तक त्यानं शर्टात खोचलेलं.
खोलीच्या भिंतींना गाद्या,
खोकला काढला तर तिथंच विरायचा.

समोर पडद्यावर मुका डोंगर.
आमचा नव्हे, भोराकडचा कुठला तरी,
पण करवंदीच्या जाळ्या ओळखीच्या.
कंपनी सरकारची फलटण खिंड चढत होती,
लाल डगले, आजच शिवल्यासारखे.
आणि वरून कमरेला फडकं गुंडाळलेली माणसं
तोंडं उघडून धावत येत होती.
त्या उघड्या तोंडांत
आम्ही आवाज भरायचा होता.

"पण ओरडायचं काय?" सोमा लोहकरेनं विचारलं.
रेकॉर्डिंगचे परचुरे, माणूस भला,
म्हणाले, "काहीही. वर ढोल येणार, तुताऱ्या येणार,
शब्द कोण ऐकतंय? नुसता संताप द्या."

पहिला टेक. आऽऽ.
काचेपलीकडून: "मॅच जिंकल्यासारखं वाटतंय."
दुसरा. "अहो, तुमचं रान घेतलंय त्यांनी. रान!"
आम्ही एकमेकांकडं पाहिलं.

चुलता सांगायचा,
बंडातली माणसं ओरडायची नाहीतच.
रातभर हिरड्याखाली बसून राहायची,
खोकला आला तर मातीचं ढेकूळ चावायची.
टिटवीसारखी एक शीळ,
आणि पुढं नुसता गोफणीचा दगड.
बोंब उठायची ती खालून, फलटणीतून.
हे मी परचुऱ्यांना सांगणार होतो,
पण स्टुडिओचं भाडं तासावर होतं.

तिसऱ्या टेकला चिंधू गवारीनं घसा खाकरला,
पोट खपाटीला नेलं आणि आरोळी दिली,
"ये दुंद्याऽ, शेरडं वळव रंऽ, वरईत घुसली!"
दुंदा दचकला. मग त्यानंही ठेवून दिली,
"तुझ्याच बापाची हायेत, तूच वळव!"
मग कुणाला आवरेना.
सोमानं हिरड्याच्या व्यापाऱ्याला धरला,
चार किलो मारतो काट्यात, सोडू नका त्याला.
मला काही सुचेना, तेव्हा मी
धरणाखाली गेलेल्या खाचरांची नावं घेतली,
आईकडून ऐकलेली, कधी न पाहिलेली:
आंबेवटी, चोंढीचं, म्हातारबाचं, सटवाईमागचं,
एकेक मुळासकट उपटून.
काचेपलीकडं परचुरे उठून उभे,
"हाच! हाच संताप!"

घसे बसलेले, पुरी गिळवेना.
पैसे घेताना सह्या केल्या
'गर्दी' या रकान्यात.

दिवाळीत सिनेमा लागला.
सातारा रस्त्यावर, तिकीट तीनशे वीस.
चौघं भातकाढणीला गावी गेलेले,
आम्ही सात, ओळीनं.
खिंडीतली लढाई मध्यंतरानंतर.
ढोल, तुताऱ्या, धूळ,
नायक छातीवर गोळ्या झेलत
सावकाश गुडघ्यांवर येतो,
थिएटरभर नाकं ओढली जातात,
आणि उजव्या बाजूच्या स्पीकरमधून, ढोलांच्या फटीतून,
लख्ख:
शेरडं वळव रंऽ.

चिंधू खुर्चीतच दुमडला.
दुंदानं रुमाल तोंडात कोंबला.
अख्खी रांग हसण्यानं हलत होती.
मागच्या बाई पुढं वाकल्या, डोळे ओले,
"लाज वाटते का रे? तिकडे माणसं मरतायत.
इतिहास आहे हा. गप्प बसा."

बसलो गप्प.
धूर पांगला.
एक गोरा काठीनं प्रेतं मोजत निघाला.
ढोल थांबले, आणि कुणाच्या कात्रीतून निसटला कोण जाणे,
माझाच आवाज, एकटा,
सगळे गेल्यावर बांधावर राहिलेल्या माणसासारखा:
सटवाईमागचंऽ

दुंदाचा हात माझ्या मनगटावर आला.
बऱ्याच वेळानं मागून, हळू,
"काय म्हणाला रे तो शेवटी?"

खाचराचं नाव, मी म्हणालो.
आठ मण भात व्हायचं.